बटण दाबलं, आवाज आला नाही

गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी ती चार वेळा सुरू केली आणि चारही वेळा बंद केली.

झालं असं, की हार घालून झाला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, आईने ओवाळलं. बाबा स्टिअरिंगमागे बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि बटण दाबलं. समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' असं उमटलं. बाबा वाट बघत बसले. आवाज काही येईना. सुरू झालीच नाही असं समजून त्यांनी परत बटण दाबलं आणि गाडी बंद झाली. असं चार वेळा झाल्यावर मी खिडकीतून डोकं आत घातलं. "बाबा, चालूच आहे ती. गिअर टाका."

"चालू आहे म्हणजे? ऐकू कुठं यायलंय?"

संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी निकाल दिला. "गाडी चांगली आहे, खरं बोलत नाही." (आपल्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात हे तुम्हाला सांगायला नकोच. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना मात्र हे वाक्य दोनदा समजावून द्यावं लागलं.)

बाबांची चौतीस वर्षं उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेली. लेथचा आवाज बदलला की टूल बोथट झालंय हे त्यांना पाठमोरं उभं असताना कळायचं. आमची आधीची गाडी एकोणीस वर्षांची होती. तिच्या सेल्फचा आवाज ऐकून ते सांगायचे, बॅटरी अजून दोन महिने काढेल. आणि ती तेवढेच काढायची. अशा माणसाला दादाने आणि मी मिळून हायब्रिड गाडी घेऊन दिली. मायलेज किती देते ते हौसेने सांगितलं, पाचेकशे पानांचं इंग्रजी पुस्तक कप्प्यात ठेवलं आणि रविवारच्या रात्रीच्या बसने आपापल्या गावी परत गेलो. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत असंच होत असणार, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिले काही महिने फोनवर बाबांच्या तक्रारी असायच्या. सकाळी 'रेडी' आलं की कधी काही सेकंदांत इंजिन आपोआप सुरू होतं, मिनिटभर घरघरतं आणि बंद पडतं. ते 'बंद पडतं' असंच म्हणायचे. ते पडत नाही, बंद केलं जातं, हे मलाही तेव्हा वाचूनच कळलं. इंजिन आणि सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग गरम व्हावा म्हणून गाडी ते थोडा वेळ चालवते आणि काम झालं की थांबवते. त्यानंतर कधी सुरू करायचं ते तीच ठरवते. मोठ्या बॅटरीतली वीज ठरावीक पातळीखाली आली, ॲक्सिलरेटर जोरात दाबला, चढ लागला, की इंजिन कामाला लागतं. सिग्नलला उभं असताना ते अचानक सुरू झालं, की बाबांना शेजारच्या स्कूटरवाल्यासमोर ओशाळल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. या गाडीत नेहमीचा स्टार्टर नाही. जुन्या गाडीत छोटी मोटर दात अडकवून इंजिनाला कसंबसं फिरवते, म्हणून तो खर्रर्र आवाज. तो स्टार्टरही तसा काल-परवाचा. 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर पहिल्यांदा बसला. त्याआधी हँडल मारायचं आणि ते उलटं फिरलं तर मनगट जायचं. बाबांनी स्वतः जीपला हँडल मारलेलं आहे. आमच्या हायब्रिडमध्ये हे काम मोठी मोटर करते. ती इंजिनाला आधी मिनिटाला हजारेक फेऱ्यांपर्यंत आणते आणि मग पेट्रोल आणि ठिणगी देते. धक्का नाही, खरखर नाही. "सोपं केलंय की," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

हे सगळं चाललं होतं तोवर गंमत होती. मग गेल्या ऑगस्टमध्ये बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. दोन आठवड्यांनी पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला जोडून मी घरी आले.

त्या पहाटे चार वाजता आईचा फोन वाजला. आईचं माहेर गोव्यातलं, साखळीचं. मामा बोलत होता. आज्जीला रात्री दम लागला, बांबोळीच्या हॉस्पिटलला नेतोय, तुम्ही निघा. आईने विचारलं, बोलतेय का ती? मामाने उत्तर दिलं नाही, नुसतं "ये तू" म्हणाला.

दहा मिनिटांत आम्ही तिघं गाडीपाशी होतो. पाऊस धो धो. मी किल्लीचं बटण दाबलं, दार उघडेना. किल्लीच्या आत एक साधी लोखंडी किल्ली दडलेली असते, ती बाबांना माहीत होती. तिने दार उघडलं. ब्रेक, बटण. समोरच्या पडद्यावर काहीतरी क्षणभर लुकलुकलं आणि सगळं काळं झालं. परत दाबलं. आत कुठेतरी टक टक टक असा आवाज आला, बस.

"बॅटरी संपली," बाबा म्हणाले.

"कशी संपेल? एवढी मोठी आहे," मी म्हटलं. ही माझी अक्कल. गाडी उभी केली तेव्हा बॅटरीच्या चित्रात बहुतेक सगळ्या पट्ट्या भरलेल्या होत्या, हे मी स्वतः फोटोत पाहिलं होतं.

मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या मुलाने नम्रपणे सांगितलं की उचलून न्यायची गाडी येईल, तीनेक तास लागतील. आई पोर्चच्या कठड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती काही बोलत नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, धक्का मारू या. दूधवाला नेमका आला होता, त्यालाही हाताशी घेतलं. गाडी तसूभर हलली नाही, कारण तिचं 'पी'चं कुलूपही विजेवर चालतं. ती हलली असती तरी उपयोग नव्हता. या गाडीला क्लच नाही, धक्क्याने हे इंजिन फिरत नाही.

शेवटी मी ते इंग्रजी पुस्तक काढलं आणि मोबाइलच्या उजेडात वाचत बसले. तेव्हा कळलं, की गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक मोठी, चाकं फिरवणारी, दोनशे व्होल्टच्या आसपासची. दुसरी छोटी, साध्या गाडीत असते तशीच, बारा व्होल्टची. आमच्या गाडीत ती मागे डिकीत आहे. गाडी बंद असते तेव्हा मोठ्या बॅटरीच्या तारा सुरक्षेसाठी मुद्दाम तोडलेल्या असतात. त्या जोडणारे रिले, गाडीचे कॉम्प्युटर, कुलपं, सगळं छोटीवर चालतं. छोटी झोपली, की मोठी कितीही भरलेली असू दे, तिला कुणी हाकच मारत नाही. बाबांनी नंतर याला अस्सल बेळगावी उपमा दिली. "टाकी काठोकाठ भरलेली, खरं व्हॉल्व्हमन आलाच नाही." पाण्याची वाट बघणाऱ्या आपल्या गावाला यापेक्षा सोपं कसं सांगणार?

डिकीही विजेचीच, ती उघडेना. पण पुस्तकात पुढे होतं, बॉनेटखाली फ्यूजच्या पेटीत लाल झाकणाखाली एक टोक आहे, तिथे दुसऱ्या गाडीवरून वीज देता येते. समोरच्या काकांना उठवलं. ते बिचारे लुंगीवरच आपली जुनी छोटी गाडी आणि केबल घेऊन आले. मला शंका, एवढीशी गाडी आमच्या गाडीला काय उठवणार? पण इथे इंजिन फिरवायचं नसतंच, नुसतं छोट्या बॅटरीचं काम करून द्यायचं. बाबांनी लाल केबल त्या टोकाला आणि काळी इंजिनाजवळच्या उघड्या लोखंडाला लावली. नारिंगी तारांच्या जवळपास हात जाऊ नये म्हणून मी टॉर्च धरून ओरडत होते, त्या मोठ्या व्होल्टेजच्या. पाच मिनिटं थांबलो. ब्रेक, बटण.

'रेडी.' आणि आवाज नाही. तो आवाज न येणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

सहा वाजले होते. दोन तास गेले होते.

जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी चालवत होते, आई शेजारी, बाबा मागे डोळ्याला काळा चष्मा लावून. घाट उतरायला लागलो. ॲक्सिलरेटर सोडला की या गाडीची मोटर उलट काम करते, चाकांकडून वीज घेऊन मोठ्या बॅटरीत भरते आणि त्याने गाडीचा वेगही आवरला जातो. चित्रातल्या पट्ट्या एकेक करून भरत गेल्या. अर्ध्याअधिक घाटात सगळ्या भरल्या आणि अचानक इंजिन मोठ्याने घोंघावू लागलं. मी तर ॲक्सिलरेटरला पायही लावला नव्हता.

"आता काय झालं हिला?" आई ओरडली. चार वाजल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

मला उत्तर देता येईना. मागून बाबांचा शांत आवाज आला. "काही झालं नाही. इंजिन ब्रेक लागलाय. सेकंडमध्ये उतरताना येतो तोच आवाज. चालव तू."

त्यांनी ते कुठे वाचलं नव्हतं. कानाने ओळखलं होतं. आणि ते बरोबर होतं. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी उरलेली वीज इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवण्यात खर्च करते, म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही. नंतर घरी बाबांनी वहीत हिशोब केला. आम्ही तिघं धरून गाडी साडेचौदाशे किलो, उतार साडेसहाशे मीटर. त्यातून मिळणारी ऊर्जा अडीच युनिटांच्या वर जाते. आपल्या मीटरवरची युनिटं. वाऱ्यात आणि टायरमध्ये काही जाते, तरी बरीच उरते. आणि एवढी मोठी म्हणतो ती बॅटरी केवढी, तर पाऊण युनिटाची. त्यातही ती फार दिवस टिकावी म्हणून गाडी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. मधलाच भाग वापरते. "म्हणजे घागर घेऊन धबधब्याखाली उभं राहिल्यासारखं," बाबा म्हणाले. चोर्ल्याचा पाऊस बघितलेल्यांना हे पटेल.

साडेनऊला बांबोळीला पोचलो. आज्जीच्या नाकाला नळी होती, पण डोळे उघडे होते. आईला बघून ती म्हणाली, एवढा उशीर? ती त्या खेपेला बरी झाली. आठव्या दिवशी घरी येऊन तिने चवथीच्या तयारीवरून मामीला सूचना द्यायलाही सुरुवात केली. आई मात्र गाडीवर रुसली ती रुसलीच. "एवढाउशीर" हा एकच शब्द तिने मनात धरून ठेवला होता.

बेळगावला परतल्यावर सर्व्हिसवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली. बाबांनी त्यांचा कारखान्यातला जुना मल्टिमीटर काढला. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी थोडा वेळ नुसती ठेवली की साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. गाडी 'रेडी'त असताना मोठ्या बॅटरीकडून छोटीत वीज येते, तेव्हा आकडा 14 च्या आसपास जातो. दोन्ही आकडे ठीक आले. बॅटरी वर्षाचीही नव्हती. मग दोन आठवड्यांत संपली कशी? गाडी उभी असतानाही थोडी वीज खाते हे खरं, पण इतकी?

रात्री जेवताना मी सहज विचारलं, "गाडीत कुणी बसत होतं का?"

बाबांनी कोशिंबीर पुढे ओढली. आई म्हणाली, "दुपारी अडीच वाजता हे कुठं जातात असं तुला वाटतं?"

मग हळूहळू बाहेर आलं. दुपारी घरात आईची मालिका चालू असते. बाबा गाडीत जाऊन बसायचे आणि पेन ड्राइव्हवरची नाट्यगीतं ऐकायचे. गाणी लागायला ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तरी पुरतं. पण मग गाडी 'रेडी' होत नाही, मोठी बॅटरी जोडली जात नाही, आणि गाणी, पडदा, सगळं छोटीच्या जिवावर चालतं. भरती काहीच नाही, नुसता खर्च. वीस मिनिटांनी गाणं आपोआप बंद पडायचं. ती खरं तर गाडीनेच घेतलेली काळजी. बाबांना वाटायचं पेन ड्राइव्ह खराब आहे. ते परत बटण दाबायचे.

"डॉक्टरांनी चालवू नका म्हटलंय. बसू नका म्हटलेलं नाही," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने ताटाकडे बघत म्हणाले, "एकदा सोडली की मग तुम्ही पोरं परत देणार नाही चालवायला. म्हणून जरा बसत होतो."

यावर मला काही सुचलं नाही. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला दादा आणि मी फोनवर नेमकं हेच बोललो होतो, आता ड्रायव्हर ठेवू या म्हणून. ते त्यांनी कसं ऐकलं कोण जाणे. तो कान फक्त लेथपुरता नसावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुस्तक घेऊन गाडीत बसलो. गाडी 'रेडी' करून. पोर्च उघडा आहे म्हणून चाललं, बंद गॅरेजमध्ये असं बसू नये, कारण इंजिन केव्हाही सुरू होतं आणि धूर आतच कोंडतो. मी वाचून मराठीत सांगायचं, बाबांनी वहीत लिहायचं. अर्ध्या गोष्टी मलाही नव्या होत्या. उदाहरणार्थ, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ मालगाडी जाईपर्यंत बाबा न्यूट्रल करून बसायचे, चाळीस वर्षांची सवय. या गाडीत न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी भरत नाही, आणि एसी तर तिच्यावरच चालतो. फार वेळ थांबायचं तर 'पी'त ठेवायचं. म्हणजे बॅटरी उतरली की इंजिन सुरू होऊन तिला भरतं. दुसरं, किल्ली पोर्चच्या खिडकीला टांगायची नाही, आत कपाटात ठेवायची. किल्ली जवळ असली की ती आणि गाडी एकमेकींशी अधूनमधून बोलत राहतात, त्यातही वीज जाते. आणि खाली उतरताना कान नव्हे, डोळे वापरायचे. 'रेडी' दिसतंय म्हणजे गाडी चालू आहे, आवाज असो नसो. हे शेवटचं बाबांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

गाडी आठवडाभर हलली नाही तर रविवारी ती अर्धा-पाऊण तास 'रेडी'त ठेवायची किंवा सरळ एक चक्कर मारायची, असं ठरलं. महिना संपल्यावर डॉक्टरांनी डोळा तपासला, परवानगी दिली. ड्रायव्हरचा विषय दादाने काढला नाही, मीही काढला नाही. दसऱ्यानंतर बाबांनी स्वतः गाडी चालवत आईला साखळीला नेलं. घाटात इंजिन घोंघावू लागलं तेव्हा त्यांनी आईला अडीच युनिटांचा हिशोब पहिल्यापासून सांगितला म्हणे. आई म्हणते, तो केरी येईपर्यंत संपला नाही.

आता दर रविवारी सकाळी बाबांचा फोन येतो. आधी आकडा, मग तब्येत. "बारा पॉइंट सहा," ते म्हणतात, आणि मी म्हणते छान.

परवा म्हणाले, "बारा पॉइंट तीन."

"बाबा, परत बसला होता का?"

"मी नाही." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई. मामाशी फोनवर बोलायला गाडीत जाऊन बसते हल्ली. खिडकी खाली करायला नुसतं बटण दाबते आणि तशीच विसरून येते. तू सांग तिला. मी सांगितलं तर ऐकायची नाही."